उत्तर येईपर्यंत थांबावं

वृषाली मगदूमनं चौदा वर्षं जे लिहिलं ते कुणी वाचत नव्हतं. नंतरच्या चार वर्षांत मात्र तेच वाचून नद्यांचं पाणी अडायला आणि सुटायला लागलं.

'झडप' नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर होतं. मुक्त म्हणजे कुणा एकाच्या मालकीचं नाही. कुणीही वापरावं, कुणीही सुधारावं. कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, हातानं काढण्या-घालण्याचे दिवस संपत आले, त्यांच्या जागी मोटरवर चालणाऱ्या झडपा बसू लागल्या, तेव्हा त्या चालवायला हे सॉफ्टवेअर तयार झालं. त्यात साठेक आज्ञा होत्या आणि प्रत्येक आज्ञेचं एक पान होतं. आज्ञेचं नाव काय, ती काय करते, कशी द्यायची, कुठं चुकू शकते, असं सगळं त्या पानावर. ही मॅन्युअलची पानं वृषाली लिहायची आणि सांभाळायची. कारखान्यातून आली, चहा झाला, की गडहिंग्लजच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात ती खिडकीशी बसायची आणि आज्ञा बदलली असेल तर पान बदलायची. दिवसा ती एका पंपाच्या कारखान्यात माहितीपत्रकं लिहायची, त्याचा पगार मिळायचा. पानांचं काम हौसेचं.

ती पानं कुणी उघडत नसे. अडलेला माणूस दुसऱ्या माणसाला फोन करतो, पान वाचत नाही. प्रोग्रॅमर मंडळी तर गमतीनं म्हणायची, "पानात काय लिहिलंय ते वृषालीताईंना माहीत आणि झडप काय करते ते देवाला."

एकच माणूस प्रत्येक पान अक्षर अन् अक्षर वाचायचा. अभिनंदन चौगुले. झडपेचा मूळ कोड त्याचा. सांगलीच्या बाजूचा, तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. आठ वर्षं दोघांनी एकत्र काम केलं आणि त्या आठ वर्षांत दोघं समोरासमोर भेटली फक्त दोनदा. बाकी सगळं मेलवर. ती पान पाठवायची, तो शेरे मारून परत पाठवायचा. 'इथं "सहसा" नको. सहसा म्हणजे कधी?' 'हे वाक्य चांगलं उतरलंय.' सगळं अहो-जाहो. एकदाच त्याच्या हातून 'तू हे कसं सुचवलंस' असं लिहून गेलं होतं. पुढच्या मेलमध्ये तो पुन्हा 'तुम्ही'वर आला. ती एक मेल वृषालीनं किती वेळा उघडली असेल, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग तो दोन वर्षांसाठी नेदरलँडला निघाला. जाण्याआधी त्यानं लिहिलं, 'सतरा तारखेला विमान आहे. तुम्हाला काही सांगायचं असेल तर या आठवड्यात सांगा.' वृषाली चार दिवस त्या मेलसमोर बसली. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. पाचव्या दिवशी तिनं 'पातळी-मोज' या पानातल्या दोन स्वल्पविरामांची आणि एका अनुस्वाराची दुरुस्ती पाठवली. त्यानं ती स्वीकारली आणि तो गेला.

परत आला तो लग्न करूनच. मेल येत राहिल्या, विरळ होत गेल्या. आणि मग विणकर आला.

विणकर म्हणजे काय, हे नीट सांगायला हवं. आधी प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत लिहिला जायचा आणि मॅन्युअल माणसांच्या भाषेत. दोन्हींत हळूहळू फट पडायची. पान एक म्हणायचं, कोड दुसरंच करायचा, आणि खरं ठरायचं ते कोडचं. विणकरानं ही दिशाच फिरवली. तो माणसांची साधी वाक्यं वाचायचा, एका वाक्याचे जेवढे अर्थ निघतील तेवढे काढायचा, आणि एकाहून जास्त उरले तर लिहिणाऱ्याला विचारायचा. मग त्या अर्थातून कोड विणायचा. कोड लिहिणारी यंत्रं आधीही होती, पण त्यांच्यावर विश्वास ठेवावा लागायचा. इथं विश्वासाचा प्रश्नच उरला नाही, कारण विणकरासोबत पडताळा नावाचा दुसरा प्रोग्रॅम होता. विणलेला कोड वाक्यात लिहिलंय तेच करतो, जास्त नाही आणि कमीही नाही, हे तो गणितानं सिद्ध करायचा. भूमितीतली सिद्धता असते तशी. सिद्धता मिळाली नाही, तर तो कोड झडपेपर्यंत पोचतच नसे.

याचा परिणाम असा झाला की कोड जपून ठेवायची गरजच संपली. पान बदललं की नवा कोड विणायचा, जुना टाकून द्यायचा. एका मार्च महिन्यात अभिनंदनच्या कोडच्या नव्वद हजार ओळी काढून टाकल्या गेल्या. राहिली ती पानं. त्यानं शेवटची मेल पाठवली, 'आता माझं इथं काही नाही. पानं तुमच्याकडे आहेत, ती सांभाळा.' मग त्याचा पत्ता बदलला, आणि नंतर कळलं की वेंगुर्ल्याजवळ त्यानं काजूच्या कलमांची रोपवाटिका काढली आहे.

वाक्याला असं बळ आल्यावर त्याला कुणीतरी जबाबदार हवं. म्हणून नियम झाला की पानातल्या प्रत्येक वाक्याला एक उत्तरदायी माणूस असेल. जुन्या वाक्यांसाठी इतिहास चाळला गेला आणि ज्याच्या नावानं वाक्य चढलं होतं त्याचं नाव लागलं. 'झडप-उघड' या पानावर सगळ्या ओळी वृषालीच्या नावावर आल्या. फक्त तिसरी ओळ अभिनंदन चौगुलेच्या नावावर होती.

ती ओळ अशी होती: 'पाणी सोडण्याआधी खाली नदीत कुणी आहे का, हे काठावरच्या माणसाला विचारावं, उत्तर येईपर्यंत थांबावं.'

गंमत अशी की जुन्या कोडनं हे कधी केलंच नव्हतं. जुनी झडप भोंगा वाजवायची आणि उघडायची. पानात लिहिलेलं वाक्य नुसतं पानातच राहिलं होतं, कारण वाचणारं कुणी नव्हतं. विणकरानं ते वाचलं आणि एका सकाळी तांबी नदीवरच्या तेवीस बंधाऱ्यांनी काठावरच्या माणसांना फोन लावायला सुरुवात केली.

वृषालीला त्या दिवशी झालेला आनंद तिनं कुणाला सांगितला नाही. नव्वद हजार ओळी गेल्या होत्या. त्याची ही एक राहिली होती, आणि तिनं सांभाळलेल्या पानातून ती खरी झाली होती.

*

चार वर्षं सगळं सुरळीत चाललं. बोरगुत्तीच्या बंधाऱ्यावर काठावरचा माणूस म्हणजे आक्काताई नाईक, साठीची बाई, घर बंधाऱ्याला लागूनच. फोन आला की ती काठावर जायची, खाली डोकावायची, कुणी धुणं धूत असेल, म्हशी पाण्यात असतील तर हाळी द्यायची आणि मग फोनवर 'न्हाई कोण, सोड' म्हणायची.

ऑक्टोबरच्या अखेरीस, बंधारे अडवून झाल्यावर, वरच्या डोंगरात अवकाळी पाऊस कोसळला. बोरगुत्तीला पाणी चढलं. झडपेनं आक्काताईला फोन लावला. आक्काताई गुडघा दाखवायला गडहिंग्लजला दवाखान्यात आली होती आणि फोन तिच्या पिशवीत तळाला होता. झडप थांबली. पानात लिहिलंच होतं, उत्तर येईपर्यंत थांबावं. सत्तेचाळीस मिनिटं ती थांबली. तेवढ्यात बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला दहा घरांत गुडघाभर पाणी शिरलं आणि एका गोठ्यात दाव्याला बांधलेली दोन वासरं बुडून मेली.

दोन दिवसांनी वृषालीला फोन आला.

"ताई, मी गौतमी ऐनापुरे, नदी समितीतून बोलतेय. 'झडप-उघड'ची तिसरी ओळ काढावी असं समितीचं म्हणणं आहे."

गौतमी समितीची अभियंता. तरुण, हुशार, बोलायला नेमकी. वृषालीला ती आवडायची.

"काढली तर काय राहील?" वृषालीनं विचारलं.

"भोंगा आहे की."

"भोंगा पूर्वीही होता."

"मग पूर्वी कुणी बुडाल्याची नोंद आहे का? मी शोधली. तीन घटना आहेत, त्याही खात्रीच्या नाहीत. आणि या ओळीमुळं जे झालं ते मी स्वतः जाऊन बघितलं. त्या घरातली बाई वासरांची दावी हातात घेऊन बसली होती."

वृषाली म्हणाली, "चार वर्षांत आक्काताईनं किती जणांना वर बोलावलं, याची नोंद नाही ना."

"नाही. तेच म्हणतेय मी. समितीला मी काय दाखवू?" गौतमीचा आवाज थोडा मऊ झाला. "ताई, एक विचारू? ही ओळ तुमची नाहीये. तुमच्या बाकीच्या ओळी तुम्ही पटापट बदलता. गेल्या वर्षी मी एक चूक दाखवली तर तासाभरात दुरुस्त केलीत. या ओळीवर मात्र तीन वेळा सूचना आली आणि तीन वेळा तुम्ही ती बाजूला ठेवलीत."

वृषालीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तेरा नोव्हेंबरला बैठक आहे," गौतमी म्हणाली. "ओळ ठेवायची असो वा काढायची, उत्तरदायी माणसाची संमती लागेल. चौगुले म्हणून आहेत कुणी. त्यांचा ठावठिकाणा आहे तुमच्याकडे?"

"आहे," वृषाली म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिनं पान उघडलं आणि तिसरी ओळ वाचली. गौतमीचं म्हणणं बरोबर होतं. एखादं वाक्य चांगलं आहे म्हणून ठेवावं, की ते कुणाचं आहे म्हणून ठेवावं, हे आपल्याला आता वेगळं करता येत नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि तिकडं दोन वासरं मेली होती. उद्या वासरांच्या जागी माणूस असू शकत होता.

संमती फोनवरही घेता आली असती. हे वृषालीला माहीत होतं. तिनं रविवारची सकाळची वेंगुर्ला गाडी धरली.

*

आजरा गेलं, आंबोली आली. घाट उतरताना तिनं दोनदा ठरवलं की सावंतवाडीला उतरून परतीची गाडी धरायची. उतरली नाही. वेंगुर्ल्याच्या अलीकडच्या फाट्यावर उतरून ती चालत गेली. तांबड्या मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना काजू, आणि पुढं हिरव्या जाळीखाली ओळीनं मांडलेल्या काळ्या पिशव्या. त्यांच्यामध्ये उकिडवा बसून एक माणूस रोपाला पट्टी बांधत होता. केस पांढरे झाले होते. पाठीवरून तिनं ओळखलं नसतं. पट्टी बांधून झाल्यावर ती नीट बसली का हे त्यानं मान तिरकी करून तपासलं, त्यावरून ओळखलं. पाहिलं होतं ते दोनदाच, पण तो असाच तपासायचा.

"चौगुले," ती म्हणाली.

तो वळला. क्षणभर त्याला ओळख लागेना. मग तो उठला, हात झटकले आणि नुसता बघत राहिला.

"वृषाली मगदूम," तो म्हणाला. "तुम्ही इथं?"

घरात त्याची बायको होती, शर्वरी. मूळची इथलीच, मोकळ्या स्वभावाची. तिनं कोकम सरबत दिलं, जेवूनच जायचं असं बजावलं. "यांच्या तोंडून तुमचं नाव ऐकलंय," ती म्हणाली. "पानंवाल्या ताई ना?" मग बाजारातून मासे आणायचे म्हणून गाडीची चावी घेऊन ती बाहेर पडली, हसून म्हणाली, "काळजी नको, तुम्हीही यांच्यासारख्याच मासे न खाणाऱ्या असणार, तुमची भाजी वेगळ्या भांड्यात. यांना तर मी वासाचीसुद्धा सवय लावू शकले नाही."

दोघं पडवीत बसली. वृषालीनं सगळं सांगितलं. बोरगुत्ती, सत्तेचाळीस मिनिटं, वासरं, समिती. तो मधे न बोलता ऐकत होता.

"म्हणजे ती ओळ चालू झाली?" त्यानं विचारलं. "खरोखरचे फोन लागतात?"

"चार वर्षं झाली."

"मला पत्ताच नाही." तो हसला. "मी ते सगळं सोडलं तेव्हा ठरवलं, मागं बघायचं नाही. नव्वद हजार ओळी होत्या, वृषाली. एका दुपारी गेल्या. कुणी दुष्टपणानं नाही काढल्या. नको होत्या म्हणून काढल्या. ते जास्त लागतं."

"एक राहिली ना तुमची," ती म्हणाली. हे वाक्य तिनं घाटात मनाशी घोकलं होतं. "तिसरी. म्हणून मी ती कधी काढू दिली नाही."

तो गोंधळला. "माझी कुठली?"

तिनं पान काढून फोन त्याच्यासमोर धरला. त्यानं चष्मा लावला, ओळ वाचली, खालचं आपलं नाव वाचलं, आणि मान हलवली.

"ही माझी नाही. तुमची आहे."

"नाव तुमचं आहे."

"तेव्हा तुम्हाला थेट चढवायचा अधिकार नव्हता ना. पहिले तीन महिने तुम्ही मेलनं मजकूर पाठवायचात, मी चढवायचो. चढवणाऱ्याचं नाव लागायचं. पुढं बहुतेक पानं तुम्ही पुन्हा लिहिलीत, म्हणून तिथं तुमचं नाव आलं. ही ओळ तुम्ही कधी बदललीच नाही वाटतं." तो थोडा वेळ आठवत राहिला. "तुम्ही कुठल्याशा बंधाऱ्यावर जाऊन आला होता. बरगे कसे काढतात ते बघायला. तिथं कुणी म्हातारा होता. बघा, मेल असेल तुमच्याकडे."

वृषालीला म्हातारा आठवेना. ती फोनकडे बघत राहिली. अठरा वर्षांत तिनं ती ओळ शेकडो वेळा वाचली होती आणि दर वेळी त्याच्या आवाजात ऐकली होती.

"तुम्ही शेवटी लिहिलं होतंत," ती सावकाश म्हणाली. "शेऱ्यात. 'हे राहू द्या. एक दिवस खरं करू.'"

"लिहिलं असेन. आठवत नाही." तो प्रामाणिकपणे म्हणाला, आणि तेच तिला जड गेलं. मग तो म्हणाला, "मला दुसरंच आठवतं. मी निघालो त्या आठवड्यातलं तुमचं उत्तर. 'पातळी-मोज.' दोन स्वल्पविराम आणि एक अनुस्वार."

वृषालीनं मान वर केली नाही.

"मी सोळा तारखेपर्यंत वाट बघितली होती," तो म्हणाला. "मग म्हटलं, हेच उत्तर असेल."

"चार दिवस लागले मला ते लिहायला."

"स्वल्पविराम?"

"हो."

जाळीखाली पाण्याचे फवारे आपोआप सुरू झाले आणि बराच वेळ तोच आवाज येत राहिला. बाहेर गाडी थांबली. शर्वरी हातात पिशव्या घेऊन आत आली आणि कोथिंबीर मिळालीच नाही म्हणून तक्रार करायला लागली. अभिनंदन उठून तिच्या हातातल्या पिशव्या घ्यायला गेला.

जेवण झालं. निघताना तो फाट्यापर्यंत सोबत आला.

"संमतीचं काय करायचं?" त्यानं विचारलं.

"तुमची लागणार नाही," ती म्हणाली. "ओळ माझी आहे म्हटल्यावर मीच बघते."

"आणखी काही होतं का?"

गाडी वळणावर दिसत होती. वृषालीनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या नखांत तांबडी माती होती.

"नाही," ती म्हणाली. "कलमं छान आहेत."

*

आंबोलीला गाडी चहासाठी थांबली. थंड वारा होता, माकडं कठड्यावर बसली होती. वृषाली गाडीतून उतरली नाही. तिनं जुन्या मेल उघडल्या आणि अठरा वर्षं मागं गेली. पहिल्या तीन महिन्यांतली मेल. विषय, 'झडप-उघड, मसुदा दोन'.

तिचंच लिहिणं होतं, पण एखाद्या परक्या, उत्साही मुलीचं असावं तसं वाटत होतं. तिनं लिहिलं होतं: 'आज बंधाऱ्यावर दिवसभर बसले. तिथला म्हातारा पहिला बरगा काढण्याआधी खाली तोंड करून हाळी देतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. मी विचारलं, उत्तर आलंच नाही तर? तो म्हणाला, एकच बरगा काढायचा. घोटाभर पाणी वाढलं की खाली कोण असंल ते आपोआप वर येतंय. मग दुसरा काढायचा. पाणीच इचारतंय म्हणायचं.'

आणि त्याखाली मसुद्यात दोन वाक्यं होती. पहिलं, जे पानात होतं ते. आणि दुसरं: 'उत्तर आलं नाही तर आधी थोडंसंच पाणी सोडावं, खालच्याला वर येण्याइतका वेळ द्यावा, मग बाकीचं सोडावं.'

अभिनंदनचा शेरा शेवटी होता. 'दुसरं वाक्य काढतो. पान आहे, गोष्ट नाही. पहिलं राहू द्या. एक दिवस खरं करू.'

दुसरं वाक्य त्यानंच काढलं होतं. ते असतं तर वासरं मेली नसती. वृषालीला राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. पण ज्यानं ते काढलं त्यानंच पहिलं राखलं होतं, आणि त्यानं राखलं म्हणून तिनं अठरा वर्षं त्याला हात लावला नव्हता. कंडक्टर चहा पिऊन आला आणि त्यानं घंटा दिली. घाटमाथ्यावर धुकं उतरत होतं. खिडकी बंद करताना तिच्या लक्षात आलं की आपण रडतोय, आणि शेजारची बाई मुद्दाम दुसरीकडे बघतेय.

*

तेरा तारखेच्या बैठकीत तिनं ओळ काढली नाही आणि होती तशी ठेवलीही नाही. नवा मजकूर वाचून दाखवला. आधी काठावरच्या माणसाला विचारावं. पाच मिनिटांत उत्तर आलं नाही तर त्याच बंधाऱ्यावरच्या दुसऱ्या माणसाला. त्यानंतर पाच मिनिटांनी, कुणीच बोललं नाही तर, पहिली झडप वीतभर उघडावी आणि भोंगा वाजवावा. घोटाभर पाणी वाढल्यावर दहा मिनिटं थांबून बाकीच्या उघडाव्यात.

"वीतभर म्हणजे किती?" गौतमीनं विचारलं.

"तेवीस सेंटिमीटर. तसंच लिहिलंय."

"घोटाभर?"

"तेही आकड्यात आहे. खालच्या पातळीची खूण धरून." वृषालीनं कागद पुढं सरकवला. "एकूण वीस मिनिटं आणि वर पाणी घोट्याला लागायला लागतील तेवढी. विणकराकडून मी गणित करून घेतलंय. ऑक्टोबरच्या पावसाला हे लावलं असतं तर वरच्या घरांच्या उंबऱ्यालाही पाणी लागलं नसतं."

गौतमीनं कागद दोनदा वाचला. "हे कुणाला सुचलं?"

"बंधाऱ्यावरच्या एका म्हाताऱ्याला. मी विसरले होते."

समितीनं मान्यता दिली. घरी येऊन वृषाली खिडकीशी बसली. तिनं मजकूर पानात भरला. विणकरानं दोन प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली. पडताळ्याला सिद्धता मिळाली. शेवटी नेहमीची चौकट उघडली. उत्तरदायी व्यक्ती: तिनं आपलं नाव लिहिलं. खाली विचारलं होतं, 'आधीची व्यक्ती अभिनंदन चौगुले. त्यांना मोकळं करायचं का?'

ही चौकट तिनं दुसऱ्यांच्या ओळींसाठी शंभरदा पाहिली होती. आज ती बराच वेळ त्या नावाकडे बघत बसली. झडपेच्या साऱ्या पानांत ते नाव आता याच एका ठिकाणी उरलं होतं. खाली रस्त्यावर दूधवाला आला, सायकली गेल्या. मग तिनं 'हो' दाबलं.

नोव्हेंबर संपता संपता पुन्हा अवकाळी आला. दुसऱ्या दिवशी आक्काताईचा फोन आला.

"ताई, तुमच्या झडपेनं काल काय केलं ठावं हाय का? मी मळ्यात होतो, फोन घरात. दुसरा आमचा भाचा, त्यो बी उचलंना. तर आपली आपणच वीतभर उघडली. आन् खाली त्यो मेंढक्याचा मल्लू, पाण्याकडंला झोपलावता. पाय भिजल्यावर उठला आन् शिव्या देत वर आला. मेंढरं बी आली मागनं."

"लागलं नाही ना कुणाला?"

"काय न्हाय. नुसता कोरडा व्हईस्तोवर बडबडत हुता. म्हणतोय, मला असं पाण्यानं उठवायचं कुणी लिवलंय? म्या तुमचं नाव सांगितलं."

"बरं केलंत," वृषाली म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिला हे लगेच कुणाला तरी सांगावंसं वाटलं. मल्लू, मेंढरं, शिव्या, सगळं. कुणाला सांगावंसं वाटतंय तेही तिला नीट माहीत होतं. ती थोडा वेळ तशीच बसून राहिली. मग तिनं गौतमीला फोन लावला आणि पहिल्यापासून सांगितलं, आणि पलीकडून ती हसली तेव्हा वृषालीही हसली. मग तिनं पुढचं पान उघडलं. 'झडप-बंद.' त्यात एका ठिकाणी 'सहसा' राहून गेला होता. तो काढून तिनं नेमकी वेळ लिहायला घेतली.